ऐकू आले, विचारले गेले नाही

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, जुन्या शूर्पारक बंदराच्या पांढरीत, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी शाबूत आहे, म्हणून सोपाऱ्याच्या फुटक्या दगडावर काय कोरले होते ते आज कळते. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना निघत, आपण धर्मयात्रेला निघतो, असे राजा तिथे सांगतो. आणि या यात्रेत मुलखातल्या माणसांची गाठ पडल्यावर काय करायचे, त्याच्या दोन क्रिया तो दोन वेगळ्या शब्दांनी नोंदवतो. एक अनुशासन, म्हणजे सांगणे, शिकवणे. दुसरी परिपृच्छा, म्हणजे विचारपूस, प्रश्नोत्तर. सत्तेने लोकांशी बोलण्याचे हे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, ही जाण या भूमीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर उमटलेली होती. वसई-विरारच्या बाबतीत सार्वजनिक रेडिओचा इतिहास पाहताना हेच दोन शब्द मला सर्वांत उपयोगी वाटतात. आकाशवाणीने मराठी लेखकाशी परिपृच्छा केली आणि ती उत्तम केली. स्थानिक कारभाऱ्याच्या वाट्याला मात्र तिने अनुशासनच ठेवले. वसईची अडचण यापुढची आहे. मुंबई इतकी जवळ, की आवाज पहिल्यापासून स्वच्छ ऐकू आला. आणि आवाज स्वच्छ ऐकू येतो म्हणूनच या भागाला स्वतःचा ध्वनिक्षेपक, स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःचा प्रश्नकर्ता कधी मिळाला नाही.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ध्वनिक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि त्याचा खात्रीचा पल्ला सुमारे तीस मैलांचा. नकाशावर मुंबईभोवती तीस मैलांचे वर्तुळ काढले तर वसईचा किल्ला आत येतो आणि विरार काठाशी राहते. अर्थात आत येऊनही फारसे कोणी ऐकत नव्हते. रेडिओ बाळगण्याच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये पडत आणि पहिल्या अडीच वर्षांत साऱ्या देशातल्या परवान्यांची संख्या आठ हजारांच्याही आत राहिली. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी या सेवेचे नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. बोरिवलीपर्यंत येऊन थांबलेली उपनगरी विजेची गाडी त्याच १९३६ सालात विरारपर्यंत आली. हा योगायोगच आहे; पण वसईच्या पुढच्या जगण्याला वळण देणाऱ्या दोन रेषा त्या वर्षात आहेत, हे विसरता येत नाही. गाडी दोन्ही दिशांनी धावत होती. वसईची फुले, भाजी, पानवेलीची पाने आणि राजेळी केळी तिच्यातून मुंबईला गेली, पगार परत आला. रेडिओच्या लहरी एकाच दिशेने वाहिल्या. पुढे मुंबईचे शक्तिशाली ध्वनिक्षेपक मालाड-मालवणीला उभे राहिले, म्हणजे वसईच्या खाडीपासून सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाहीत. स्टुडिओ मात्र चर्चगेटजवळ, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर.

त्या स्टुडिओत लेखकांच्या मुलाखतींची जी परंपरा घडली तिची कारणे नीट समजून घ्यायला हवीत, कारण तिथेच पुढच्या तुलनेचा पाया आहे. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांसाठी आयुष्याची अनेक वर्षे दिली. पु. ल. देशपांडे तिथून गेले, मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. सिनेसंगीताला त्यांनी केलेल्या विरोधाची आठवण अजून काढली जाते. साहित्यिकांना आणि संगीतज्ञांना निर्माते म्हणून आकाशवाणीत आणण्याची योजना त्यांच्याच काळातली, याची आठवण त्या मानाने कमी निघते. तिचा परिणाम साधा आणि खोल होता. मायक्रोफोनच्या अलीकडे बसलेला माणूस पलीकडच्या माणसाच्या तोडीचा होता. त्याने पुस्तक वाचलेले असे, मागचे पुस्तकही वाचलेले असे, आणि कोणती गोष्ट लेखक टाळतो आहे हे त्याला आवाजावरून कळत असे. लेखकालाही विचारणाऱ्याचे भय नव्हते, कारण दोघे एकाच घरातले. चांगली मुलाखत बरोबरीच्या नात्यातून होते. विचारणाऱ्याला विषय ठाऊक असतो आणि उत्तर देणाऱ्याला ते माहीत असते, एवढ्यावर ती उभी राहते. बाकी सारे, म्हणजे आवाजाचा पोत, थांबे, ध्वनिफितीचे संकलन, हे कसब त्यानंतरचे.

अधिकाऱ्याची मुलाखत वेगळ्या खणात पडली. भाषणाची संहिता आधी दाखवून मंजूर करून घ्यायची रीत होती आणि मुलाखतीचे प्रश्नही बहुधा पाहुण्याला आधीच माहीत असत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आकाशवाणीची जी आचारसंहिता ठरली, तिने राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका करण्यास आणि कोणत्याही राज्यावर किंवा केंद्रावर वैरभावाने टीका करण्यास मनाई केली. यामागे काही विचार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच प्रसारकाच्या हाती सारा देश असताना त्याने कोणाची बाजू घेऊ नये ही काळजी रास्त होती. अधिकारी येऊन लसीकरणाची, अल्पबचतीची, बियाण्यांची, कुटुंबनियोजनाची माहिती देत, त्याने माणसांची आयुष्ये सुधारली, आणि ते काम हलके लेखायचे माझ्या मनातही नाही. पण नियमाचा रोख पक्षांवर आणि सरकारांवर होता. त्याच्या सावलीत गावच्या नळाचा, गटाराचा, सात-बाराचा प्रश्नही आला. ‘अमुक टाकीतले पाणी अमुक आळीत का पोचत नाही’ हा प्रश्न कोणत्याही पक्षावर टीका करत नाही. तो विचारायला परवानगी लागत नव्हती. विचारायची सवय मात्र कधी लागली नाही. जिथे सवय नसते तिथे बंदीची गरजच उरत नाही.

सरकारी रेडिओकडून याहून अधिक अपेक्षा करणेच चूक, असे यावर म्हटले जाते. या आक्षेपाला उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे मंडळ एकत्र बसून ऐकायचे, ऐकल्यावर चर्चा करायचे, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न व शेरे चिटणीस लिहून केंद्राकडे धाडायचा. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे नसलेल्या गावांशी तुलना करून ज्ञानात किती भर पडली तेही मोजले. फरक ठळक निघाला. मला त्या अहवालातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: मंडळे हळूहळू गावाच्या निर्णयाची जागा बनू लागली, जे लोक चावडीवर गप्प बसत ते इथे बोलू लागले. हा सरकारचाच रेडिओ होता, सरकारच्याच पैशाने चाललेला, आणि आणीबाणीच्या जवळजवळ वीस वर्षे आधीचा. म्हणजे सरकारी लहरींवर परिपृच्छा अशक्य नव्हती. ती घडवण्यासाठी खालून प्रश्न वर नेणारी एक व्यवस्था लागते, ती त्या वेळी मुद्दाम उभारली होती, एवढाच फरक.

पाच जिल्ह्यांच्या त्या यादीत ठाणे नव्हते. त्याला तेव्हा विशेष अर्थ नव्हता. प्रयोग पुणे केंद्राचा होता आणि गावे त्याच्या पट्ट्यातली होती. पण पुढे तेच कारण पुन्हा पुन्हा येत राहिले. १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोइलला आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र निघाले. जिल्ह्यापुरते, तिथल्या बोलीत, तिथल्या माणसांना घेऊन कार्यक्रम करायचे, हा त्याचा हेतू. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रात अहमदनगर, सातारा, बीड, नांदेड, धुळे, यवतमाळ अशा ठिकाणी एफएम केंद्रे आली. जिथे मोठ्या केंद्राचा आवाज धड पोचत नाही तिथे नवे केंद्र द्यायचे, ही त्यामागची समजूत स्वाभाविक होती. तिच्यानुसार ठाणे जिल्हा कायम भरल्या पोटाचा ठरला. २०११ च्या जनगणनेत हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांहून जास्त माणसांचा, आणि त्याच्याकडे कार्यक्रम तयार करणारे स्वतःचे आकाशवाणी केंद्र नव्हते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, तोही हा वारसा घेऊनच. ध्वनिक्षेपणाच्या अभियंत्याच्या दृष्टीने हिशोब बरोबर आहे, कारण तो लहरींचा पल्ला मोजतो. पण ऐकू येणे आणि विचारले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीचे माप कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. यवतमाळच्या केंद्रावर जिल्ह्यातला अधिकारी येऊन बसणे हे त्या केंद्राच्या रोजच्या कामाचा भाग ठरते. वसईच्या तहसीलदाराला चर्चगेटच्या स्टुडिओत बोलवायचे तर मुंबईच्या कोटीभर श्रोत्यांना त्यात काय गम्य, हा प्रश्न आधी उभा राहतो.

वसईपुरते पाहिले तर लेखक आणि कारभारी असे दोन खण करण्याची पद्धतच अपुरी पडते, हे अधिक बोचणारे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हीच व्यक्ती हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात पुढे उभी होती: बागायती बुजवून उभ्या राहणाऱ्या इमारती, विहिरींतून उपसून टँकरने विकले जाणारे पाणी, जमीन बळकावणाऱ्यांची दहशत, यांविरुद्ध. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आली, तेव्हा हरित पट्ट्याचे काय होणार हा प्रश्न साहित्याच्या बाहेरचा नव्हता. अशा लेखकाला पुस्तकाबद्दल विचारायचे आणि पाण्याबद्दल विचारायचे नाही, हे जमणारच नाही. त्याचे पुस्तकच त्या पाण्यावर वाढलेले आहे. सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोलींत जगणाऱ्या या पट्ट्यात लिहिणारा माणूस बहुधा गावच्या एखाद्या भांडणातही असतो. त्याच्या समोर नियोजन प्राधिकरणाचा अधिकारी बसवून अर्धा तास दोघांना बोलू दिले असते, तर लेखकाच्या मुलाखतीत कमावलेले सारे कसब कारभाराच्या मुलाखतीला लाभले असते. ते कसब आकाशवाणीकडे होते. त्याला वसईच्या मातीत उभे राहायला जागा मिळाली नाही.

वसईला रेडिओची गरजच काय होती, असेही कोणी विचारील. इथे मासिके होती, पॅरिश होती, ग्रामसभा होत्या, मोर्चे होते. मुंबईच्या वृत्तपत्रांत बातम्या येत होत्या. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि वसईच्या लोकांच्या बोलतेपणाचा त्यात योग्य गौरवही आहे. तरी ही साधने काय करतात ते वेगवेगळे पाहावे लागते. मोर्चात गाव बोलते आणि अधिकारी निवेदन स्वीकारतो. मासिकात गाव आपल्याच माणसांशी बोलते. माहितीच्या अर्जाला तीस दिवसांच्या मुदतीत कागद मिळतो; त्या कागदाला उलट प्रश्न विचारायचा तर नवा अर्ज करावा लागतो. अधिकाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, सर्वांच्या कानांदेखत, पहिल्या उत्तरातून निघालेल्या दुसऱ्या प्रश्नाला सामोरे जाणे यांपैकी कशातही घडत नाही. ते घडायला मुलाखतच लागते. शिवाय छापलेला शब्द ज्याला वाचता येत नाही, ज्याला वेळ नाही, जी बाई पहाटे टोपली घेऊन गाडी पकडते, तिच्यापर्यंत आवाज पोचतो. हातात मोबाइल आला म्हणून ही उणीव भरली असेही मला वाटत नाही. मोबाइलवर प्रत्येक जण बोलू शकतो, उत्तर द्यायला बांधलेला मात्र कोणी नसतो.

दूरच्या देशाचा दाखला इथे उपयोगी आहे, कारण ज्या बीबीसीच्या वळणावर आपला रेडिओ घडला तिचाही प्रवास सरळ नव्हता. लायनेल फील्डन १९३५ मध्ये बीबीसीतून भारतात प्रसारणाचे नियंत्रक म्हणून आले, त्याच बीबीसीवर पुढे ब्रिटिश संसदेत पंधरवड्यात चर्चेला येणाऱ्या विषयावर बोलण्यास बंदी आली. ती १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुटली. नोव्हेंबर १९६७ मध्ये लेस्टरला बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र निघाले, तेव्हा सुरुवातीच्या प्रायोगिक केंद्रांच्या खर्चाचा वाटा स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलावा अशी योजना होती. ज्या नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना प्रश्न विचारायचे तिच्याच पैशाने केंद्र चालवायचे! ही तजवीज सदोष होती आणि टिकली नाही, पण स्थानिक केंद्राच्या स्टुडिओत नगरसेवकाने यायचे ही रीत मात्र टिकली. रेडिओ सरकारी की स्वायत्त यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. चंदा समितीने १९६६ मध्ये स्वायत्तता सुचवली, प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अंमल १९९७ मध्ये. या लांबलेल्या वादात रेडिओ किती जवळचा, हा प्रश्न मागे पडला. दिल्लीपासून मोकळा झालेला रेडिओ वसईपासून तितकाच दूर राहू शकतो.

आजही अधिकाऱ्यांच्या मुलाखती होतात. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा ‘दिलखुलास’ हा कार्यक्रम आकाशवाणीच्या राज्यातल्या केंद्रांवरून सकाळी ७.२५ ते ७.४० या वेळात लागत आला आहे. त्यात मंत्री, सचिव, आयुक्त येतात, लेखक आणि कलावंतही येतात. योजना समजावून देण्यासाठी त्याचा उपयोग नक्कीच आहे. पण कार्यक्रम करणारे खाते शासनाचे आणि उत्तर देणारा अधिकारी शासनाचा, तेव्हा प्रश्न कुठवर जाणार हे रचनेतच ठरते. विचारणारा कितीही हुशार असो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, त्यांतली २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०११ च्या गणनेनुसार शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे तरी कारभार प्रशासकाकडे राहिला. महासभा हे स्थानिक प्रश्नोत्तराचे मुख्य कायदेशीर ठिकाण. तिथे लोकांच्या वतीने उभे राहून विचारणारा कोणीच नव्हता. प्रशासक चांगला की वाईट हा इथे मुद्दा नाही. बारा लाखांच्या वर माणसे राहतात अशा शहरात पाणी, कर, बांधकाम परवानगी यांबद्दल अधिकाऱ्याने ठरल्या दिवशी ठरल्या वेळी आवाजाने उत्तर द्यायचे, असे एकही ठिकाण त्या काळात उरले नव्हते.

खासगी आणि सामुदायिक रेडिओने ही जागा भरावी असे म्हणावे, तर धोरणाची शब्दरचना आडवी येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्यातूनच उभी राहिली. मात्र स्वतंत्र बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना नाही आणि खासगी एफएमलाही नाही. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या एफएम धोरणात काही विषय बातम्यांच्या व्याख्येतून सोडवले. वाहतूक, हवामान, परीक्षा यांच्यासोबत वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे अशा नागरी सेवांच्या जाहीर सूचना सांगायला परवानगी मिळाली. अट अशी, की त्या स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या असाव्यात. उद्या सोपाऱ्यात पाणी येणार नाही, हे प्रशासनाच्या शब्दांत सांगता येते. का येणार नाही, हा प्रश्न त्या वाक्यात कुठे बसतो, याबद्दल धोरण गप्प आहे. सामुदायिक केंद्राला मिळणारा ध्वनिक्षेपक शंभर वॅटचा असतो आणि त्याचा पल्ला दहा-बारा किलोमीटरचा. नालासोपाऱ्यात असा मनोरा उभा राहिला, तर एका टोकाला वसईचा किल्ला, दुसऱ्या टोकाला अर्नाळ्याचा किनारा आणि मधे निर्मळ, भुईगाव व विरार, हे सारे त्या वर्तुळात येते.